मालाडचा दगड, मार्वेची भरती

काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंती नीट पाहिल्या तर त्यांत दोन जातींचे दगड दिसतात. करडा दिसतो तो कुर्ल्याचा बेसॉल्ट, पिवळसर दिसतो तो मालाडचा ट्रॅकाइट. या इमारतीची कोनशिला १९०५ साली बसली आणि संग्रहालय लोकांसाठी उघडलं ते १९२२ साली. तिथून चार पावलांवर असलेलं डेव्हिड ससून वाचनालय त्याहून जुनं, १८७० सालचं. त्याच्याही अंगावर हाच पिवळा दगड आहे. मालाडच्या शाळांच्या सहली या संग्रहालयात जातात. मुलं ढाल-तलवारी बघतात, पेंढा भरलेले प्राणी बघतात, डबे खातात आणि लोकलने परत येतात. ज्या भिंतीच्या सावलीत डबा खाल्ला ती आपल्याच गावाहून आलेली आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

बाईंनी ते सांगितलं असतं तरी फार काही बदललं नसतं. माहितीच्या ढिगात आणखी एक भर, इतकंच. दगडाचा तुकडा हातात घेऊन, त्याला भिंग लावून, त्यावर लिंबू पिळून, पाण्यात भिजवून त्याचं वजन करून मग त्या भिंतीपाशी उभं राहणं ही निराळी गोष्ट आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना अशा वाटेने विज्ञानापर्यंत न्यावं, आणि ती वाट शक्यतो त्यांच्या घरापासून सुरू व्हावी, एवढीच या पुस्तकामागची कल्पना आहे. म्हणून यातले प्रकल्प कुरार, मालवणी, ऑर्लेम, मार्वे, मढ इथले आहेत. दुसऱ्या गावच्या शिक्षकांनी ते जसेच्या तसे उचलू नयेत, आपल्या गावचे शोधावेत.

राज्य मंडळाच्या ‘सामान्य विज्ञान’च्या पुस्तकांत ‘करून पहा’ ही चौकट जागोजागी भेटते. पुस्तक करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण वर्गात साठ-पासष्ट मुलं, तास पस्तीस मिनिटांचा आणि प्रयोगशाळेची किल्ली दहावीच्या सरांच्या खिशात. मग ‘करून पहा’ मोठ्याने वाचून पाहिलं जातं, निष्कर्ष फळ्यावर येतो, मुलं तो उतरवून घेतात आणि सहामाहीला तोच पेपरात विचारला जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या इयत्तांसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलं आहे. ते कायद्यात आहे. मतदार याद्यांपासून शालेय पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत सगळं सांभाळणाऱ्या शिक्षकाला मी बोल लावणार नाही. पण मुलाच्या हाताला काहीच लागत नाही, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

मग प्रकल्प होतो कुठे? घरी, रात्री अकरानंतर, आई-बाबांच्या हातून. मालाड स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात ‘प्रोजेक्ट पाहिजे’ म्हटलं की दुकानदार ‘कितवीचा?’ एवढंच विचारतो. जलचक्र, सूर्यमाला, पवनचक्की, ज्वालामुखी, जे हवं ते तयार मिळतं. ज्वालामुखीत खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं की लाल फेस उतू जातो. बघायला गंमत वाटते, हे कबूल. पण खऱ्या ज्वालामुखीचा सोड्याशी काही संबंध नसतो आणि मुलाने त्यात काही शोधलेलंही नसतं. शिवाय इथून चार स्टेशनांवर अंधेरीला गिल्बर्ट हिल उभी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे ते उभे खांब, जवळजवळ दोनशे फूट उंच. ते बघायला रिक्षाभाड्यापलीकडे खर्च नाही.

प्रदर्शनात पहिला नंबर बहुधा सर्वांत देखण्या मॉडेलला मिळतो. माझी कसोटी सोपी आहे आणि ती थोडी कठोरही आहे. प्रकल्प सुरू करताना त्याचं उत्तर मुलाला, पालकांना आणि शिक्षकाला माहीत असेल तर तो प्रकल्प नव्हे, ती हस्तकला. हस्तकलेत वाईट काही नाही, तिला गुण द्यावेत, पण ते चित्रकलेच्या तासाला.

मुंबईतल्या पालकांना प्रकल्प म्हटलं की आधी आठवते ती होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. बृहन्मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाने ती १९८१ साली सुरू केली. ती सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग मुलाने स्वतः केलेला कृतिप्रकल्प आणि मुलाखत, अशी तिची रचना आहे. ज्या काळी विज्ञानाची परीक्षा म्हणजे रिकाम्या जागा भरा, त्या काळी कोणी तरी अकरा वर्षांच्या मुलाला ‘हातांनी करून दाखव’ म्हटलं, ही मोठीच गोष्ट होती. पुढे या परीक्षेभोवती शिकवण्यांचा बाजार उभा राहिला. दादर-पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत प्रात्यक्षिकांचे रविवारचे वर्ग भरतात आणि प्रकल्पाचे विषयही तिथे सुचवले जातात. परीक्षेने प्रश्न बरोबर विचारला होता. आपण त्याचंही गाइड काढलं. मध्यमवर्गीय मराठी घराला हे जमतं, त्यात नवल नाही.

या पुस्तकात मार्वेच्या भरतीचा एक प्रकल्प आहे. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला अभिप्रेत असलेलं सगळं त्यात आहे.

कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशोब चालतो. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती ती उधाणाची, अष्टमीच्या आसपासची लहान ती भांगाची. मढ-मार्वे-मनोरीच्या कोळीवाड्यांतल्या जाणत्या माणसाला भरतीसाठी तक्ता लागत नाही. मुलांपुढे प्रश्न ठेवला तो एवढाच: हा हिशोब खरा आहे का? तिथी ‘कालनिर्णय’वर मिळते, घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर आहे, आणि पाणी मार्वे जेट्टीला आहेच.

पहिली अडचण कोणाच्याही ध्यानात आली नव्हती अशी निघाली. पूर्ण भरती नेमकी किती वाजता झाली, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. पाणी चढत चढत येतं आणि मग बराच वेळ जिथल्या तिथे राहतं. मनोरीची फेरीबोट दोनदा जाऊन आली तरी काठाची ओली रेघ हलायला तयार नव्हती. ‘सर, पाणी थांबलंय की माझं घड्याळ?’ असं एका मुलीने विचारलं ते खोडसाळपणाने, पण प्रश्न चोख होता. मी उत्तर दिलं नाही. बांबूच्या काठीवर मुलांनीच लाल पट्टे रंगवले होते आणि ती एका कोळीदादांनी चिखलात रोवून दिली होती. पुढच्या खेपेला एका मुलाने डोकं चालवलं. पाणी सर्वांत वर असतानाची वेळ धरायचीच नाही. चढताना एखादा पट्टा बुडाला ती वेळ लिहायची, उतरताना तोच पट्टा उघडा पडला ती वेळ लिहायची आणि दोन्हींच्या मधली वेळ काढायची. समजा, पट्टा अकरा दहाला बुडाला आणि एक वाजून चार मिनिटांनी पुन्हा दिसला, तर भरती बारा वाजून सात मिनिटांनी.

आता इथे कोणी टाळ्या वाजवून घरी जाऊ शकतो. पण दुसऱ्या गटाने खालचा पट्टा धरला होता आणि त्यांची वेळ काही मिनिटांनी वेगळी आली. भांडण जुंपलं. कोणाचं चुकलं? कोणाचंच नाही. खाडीत पाणी ज्या वेगाने चढतं त्याच वेगाने उतरत नाही, त्यामुळे प्रत्येक पट्ट्याची मधली वेळ थोडी पुढे-मागे होते. मापनात फरक येतो आणि त्या फरकाला कारण असतं, हे त्या मुलांना जेट्टीवर कळलं. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये त्रुटींचं आख्खं प्रकरण लिहूनही ते अनेकांना कळत नाही, हे मी पाहिलं आहे.

आणि पाऊणपटीचं काय झालं? हिशोब ढोबळमानाने जमतो. पण शुद्ध पक्षात तिथी वाढत जाते तसतशी भरती हिशोबापेक्षा मागे पडू लागते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. पाणी मात्र बाराच्या सुमाराला भरतं. गणित मांडलं की कारण उघड होतं. पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ घड्याळावर बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. रोजची तीन मिनिटं साचत साचत पंधरवड्यात पाऊण तास होतो. अचूक हिशोब हवा तर तिथीला चारने गुणून पाचाने भागावं लागेल, आणि ते होडीत बसून तोंडी कोण करतो? पाऊणपट तोंडी येते. म्हणून ती टिकली. त्यातही सरकणं रोज सारखं नसतं; उधाणाच्या दिवसांत उशीर कमी होतो, भांगाच्या दिवसांत जास्त. तो का, हा प्रश्न आठवीच्या मुलांच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि तो तसाच शिल्लक ठेवावा असं माझं मत आहे. सगळे प्रश्न मिटवून मुलाला घरी पाठवू नये.

कोळीदादांचा हिशोब चुकीचा ठरला, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मुलांनीही तसा घेतला नाही. कुठल्या कामाला किती अचूकता पुरते, हे त्यांना कळलं. जाळं टाकायला पाऊणपट पुरते. पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस आधीच जाहीर करते, तिथे पुरणार नाही.

हे सगळं नव्याने सुचलेलं नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा हात होता. त्या कार्यक्रमाच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न असत, उत्तरं नसत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. १९७८ साली तो संपूर्ण जिल्ह्यात गेला, पुढे शेकडो शाळांत पसरला, आणि २००२ साली सरकारने तो बंद केला. तीस वर्षांचं काम एका आदेशाने संपलं. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो, कारण ‘मुलांना करू द्या’ म्हणणाऱ्यांना वाटतं की चांगली गोष्ट आपोआप टिकते. ती टिकत नाही. तिला वेळापत्रकात तास लागतो, प्रयोगाच्या साहित्याला दरवर्षी पैसे लागतात आणि दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या शिक्षकाच्या जागी येणाऱ्याला नव्याने तयार करावं लागतं.

मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. आज ते मानखुर्दला आहे, पण त्याचा संसार थाटला गेला तो नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या आसपास काम करत होते. पुस्तकाची बोजड भाषा हाच मुलांच्या वाटेतला मोठा धोंडा आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. आज मालाडमधल्या मराठी शाळांत सेमी इंग्रजी आल्यावर तो धोंडा हलला की वाढला, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमचा नियम असा की मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत त्याने प्रयोगाची वही लिहावी. मालवणीतल्या मुलाने हिंदीत लिहिली तरी चालेल.

अंधेरीच्या हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास ठरलेली मुलं तिथे वेल्डिंग करत, जमीन मोजत, विहिरीसाठी पाण्याचा शोध घेत विज्ञान शिकली. पुण्यात आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली आणि तिथे अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी घडवली. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना विज्ञानाचा एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करत. मला ही युक्ती फार आवडते. मुलाला सही हवी असते. ती मिळवण्यासाठी त्याला आधी एक प्रश्न शोधावा लागतो.

आता दगडाकडे परत येतो. मालाडमध्ये आज दगडाची खाण शोधायला निघालात तर टॉवर सापडेल. पण जुन्या कुंपणाच्या भिंती, पडक्या बंगल्यांची जोती, रस्त्याकडेला फेकलेले चिरे यांतून पिवळ्या दगडाचा तुकडा मिळतो. त्याच्या जोडीला घरातूनच शहाबादी फरशीचा तुकडा, कडप्पा, ग्रॅनाइट, वीट असा संसार जमवता येतो. खिळ्याने थोडा चुरा काढून त्यावर लिंबाचा रस टाकला की भिंगातून शहाबादीवर बारीक बुडबुडे दिसतात, कारण ती चुनखडक आहे. मालाडचा दगड ढिम्म हलत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळलं की फिकट डाग का राहतो, हे मुलांच्या आयांना आधीपासून माहीत होतं. आता त्यांना कारणही सांगता येतं, तेही मुलांकडून. मग प्रत्येक तुकडा कोरडा तोलायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा, पुसून पुन्हा तोलायचा. वीट सहज आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं पाणी पिते. ग्रॅनाइटच्या बाबतीत स्वयंपाकघरातल्या काट्याला फरक कळतही नाही. पावसाळ्यात कुठली भिंत ओल धरेल, हे मग विचारायला नको. सूचना एकच: संडास धुण्याचं ॲसिड मुलांच्या हाती जाता कामा नये. लिंबू आणि व्हिनेगर पुरतं, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच.

या पद्धतीच्या मर्यादाही इथेच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी फसवलं असं म्हणणार नाही. सगळं विज्ञान हातांनी सापडत नाही. अणू जेट्टीवर भेटत नाही. पेशी, गुरुत्वाकर्षण, उत्क्रांती यांसाठी शेवटी कोणी तरी नीट सांगावंच लागतं, आणि चांगलं सांगणारा शिक्षक हा काही कमी प्रतीचा शिक्षक नव्हे. मुलांनी सगळे शोध पुन्हा लावावेत असा हट्ट धरणाऱ्यांशी माझं जमत नाही. शिवाय वेळ फार जातो. भरतीच्या एका प्रकल्पाने सत्रातले किती तास खाल्ले याचा हिशोब मुख्याध्यापक मागतील आणि तो त्यांनी मागावाच. माझं म्हणणं इतकंच की वर्षातून दोन प्रकल्प असे व्हावेत. बाकीचे धडे शिकवा, पाठ करून घ्या, माझी हरकत नाही. ज्या मुलाने एकदा स्वतः मोजलं आहे ते बाकीच्या धड्यांतल्या आकड्यांकडेही वेगळ्या नजरेने पाहतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३, हे आकडे एरवी कोणी वाचून सोडून देतो. ज्याने शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला आहे तो विचारतो, ‘मग मालाडला किती?’

गुण कसे द्यायचे, असं शिक्षक हमखास विचारतात. चार्ट बघू नका, वही बघा. वहीत खाडाखोड आहे का, एखादा आकडा खोडून पुन्हा मोजला आहे का, ‘आज पाऊस होता म्हणून गेलो नाही’ अशी नोंद आहे का. सगळे आकडे नियमात चपखल बसत असतील तर मुलाला प्रेमाने विचारा की हे कुठून आणलं. आकडे न जुळल्याबद्दल गुण कापलेत तर पुढच्या वर्षी सगळ्यांचे आकडे जुळतील, हे लक्षात ठेवा.

प्रकल्पांचा क्रम शाळेच्या वर्षाला धरून लावला आहे. पर्जन्यमापक पहिला, कारण मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि शाळा त्याच सुमाराला उघडतात. म्हणजे बाटल्या मे महिन्यातच कापून ठेवायला हव्यात. सरळ बाजूची बाटली घ्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ खाचांचा असतो, तिथे आधी सिमेंट किंवा मेण ओतून तो सपाट करून घ्या, नाही तर पहिले काही मिलिमीटर खोटे येतील. दगडांचा प्रकल्प श्रावण-भाद्रपदात, घरात बसून करण्यासारखा. मार्वेला मात्र दिवाळीनंतरच जावं. पावसाळ्यात मुलांना जेट्टीवर नेऊ नये, आणि नेताना दहा मुलांमागे एक मोठं माणूस सोबत असावं. बांबू कोळीवाड्यातल्या माणसालाच रोवू द्या. चिखल कुठे किती खोल आहे ते त्यालाच ठाऊक असतं.